पोटावरची जांभळी खूण

माझ्या सगळ्या नोकरीतलं खरं महत्त्वाचं काम पाच मिनिटांचं होतं. त्याला लागायचं काय, तर एक जांभळं पेन, एक स्टूल आणि पेशंटचे घरचे कपडे. बाकी इंजेक्शनं दिली, सलाईनं लावली, डॉक्टरांची बोलणी खाल्ली, ते सगळ्याच सिस्टर करतात. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांनी गळ घातली तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं, की माझा विषय फराळाच्या ताटाशेजारी ठेवण्यासारखा नाही. ते म्हणाले, चालेल. तर आता वाचणाऱ्यांनी आपापलं बघावं.

ज्यांच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन होतं, त्यांच्यातल्या काहींच्या लहान आतड्याचा एक वळसा पोटाला भोक पाडून बाहेर काढतात आणि तिथंच टाक्यांनी शिवतात. त्याला इलिओस्टॉमी म्हणतात. पोटावर लाल, ओलसर बटणासारखं काहीतरी दिसतं, त्यातून पातळ संडास बाहेर येते आणि वर चिकटवलेल्या पिशवीत जमते. कुणाला ती पिशवी काही महिन्यांपुरती असते, कुणाला जन्माची. ते भोक पोटावर नेमकं कुठं पाडायचं ती जागा ऑपरेशनच्या आधी ठरवून पेनानं गोल काढायचा, हे माझं काम. माझ्या जावेनं एकदा हळदीकुंकवाला माझी ओळख ‘आमच्या ह्या संडासच्या पिशवीवाल्या’ अशी करून दिली होती. राग आला, पण तिचं चुकलं काय ते मला सांगता येईना.

जागा ठरवण्यात कसली आली हुशारी, असं वाटेल. पण माणूस पलंगावर आडवा असला की पोट सपाट दिसतं. तोच उठून बसला की तीन वळ्या पडतात. कुणी पायजम्याची नाडी बेंबीखाली बांधतो, कुणी बेंबीवर. पिशवी वळीत आली तर चिकटत नाही, नाडीखाली आली तर दबते, आणि पोटाच्या खालच्या उतारावर आली तर पेशंटला स्वतःलाच दिसत नाही. मग ती गळते. लहान आतड्यातलं ते पाणी इतकं तिखट असतं, की दोन दिवसांत कातडी सोलून निघते. म्हणून मी पेशंटला घरचे कपडे घालायला लावायचे, बसवायचे, वाकवायचे, उकिडवं बसवायचे आणि मगच पेन उघडायचे.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलं नाही. अकोल्याला एका दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. नांदगाव खंडेश्वरचे एक निवृत्त गुरुजी लेकीकडे आले होते. टायफॉइडनं आतड्याला भोक पडलं आणि पोट दगडासारखं कडक झालं. अशा वेळी दुर्बीण वगैरे घेऊन बसायला कुणाला सवड नसते. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत चिरा मारला, आत धुऊन काढलं आणि बाजूला आतडं बाहेर आणलं. गुरुजींचा जीव त्या चिऱ्यानंच वाचला, हे आधी सांगते. चिऱ्याच्या ऑपरेशनला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण खूण कुणी केली नव्हती. रक्ताची बाटली यायला अर्धा तास होता, मी तिथंच उभी होते आणि मला सुचलं नाही. गुरुजी धोतर नेसायचे. पिशवी आली बरोबर धोतराच्या गाठीवर, आणि दोन बोटांवर तो लांबच लांब चिरा. पिशवी गळली की ते पाणी टाक्यांत जायचं. टाके पिकले, जखम उघडली, आणि पंधरा दिवसांत घरी जाणारा माणूस दोन महिने खाटेवर पडून राहिला. पिशवी भरू नये म्हणून त्यांनी जेवण तोडलं. चार घासांवर आले. पिशवी बंद करायच्या ऑपरेशनची तारीख दिली होती, तेव्हा आलेच नाहीत. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, “बाबा म्हणतात, आता पुन्हा दवाखाना नको.” त्यानंतर मी फोन केला नाही. करायला पाहिजे होता. वर्षं झाली, पण आजही आठवलं की स्वतःचा राग येतो.

पुढे मी अमरावतीला आले. तिथल्या आमच्या सरांचा हात दुर्बिणीवर बसलेला. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे पोटात गॅस भरून ते फुगवायचं, चार-पाच छोटी छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं, आणि पडद्यावर बघत काम करायचं. काम आत तेच. कापायचं तेच, जोडायचं तेच. फरक बाहेर. दुखणं कमी, माणूस लवकर उठतो, आणि माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट म्हणजे पिशवीच्या शेजारी तो लांब चिरा नसतो. पिशवी चिकटायला कोरी कातडी मिळते. लोकांना मात्र वेगळंच वाटायचं. “सिस्टरबाई, दुर्बिणीनं केलं म्हंजे पिशवी लागत नाई ना?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की झोपेत विचारला तरी उत्तर देईन. लागते बाबा. दुर्बीण घ्या नाही तर चिरा घ्या, पिशवी लागायची तर लागतेच.

कांताबाई वलगावच्या. घरचा भाजीचा मळा, आणि सकाळी अमरावतीच्या बाजारात खाली पोतं टाकून भाजी विकायला बसायच्या. वय पन्नाशीच्या आत. संडासच्या वाटेवर कॅन्सरची गाठ होती. शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन झाला होता, आता गाठ काढून आतडं खाली जोडायचं, आणि तो जोड भरेपर्यंत चार महिने पिशवी. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की जोड नीट भरला आणि तब्येत टिकली तर पिशवी निघेल. नाही तर जन्माची राहील. कांताबाईंनी बाकी काही विचारलं नाही. कॅन्सरचंही नाही. मला कोपऱ्यात घेऊन एवढंच म्हणाल्या, “बाई, मले खरं सांगा. मांगच्या वाटेनं मले पुन्हा होईन का? जन्मभर हे पोटावर घेऊन मी नाई जगू शकत.”

मी म्हटलं, होईल. म्हणायला माझं काय जात होतं. पण त्या दिवसापासून ती गोष्ट माझ्या मानेवर बसली.

बरोबर नवरा आणि सासू. नवरा बिचारा घाबरलेला. “साहेब, पुरं पोट उघडून पाहा. दुर्बिणीत काई राहून गेलं त मंग?” सासू म्हणजे पार्वताबाई, सत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली आणि जिभेनं ताठ. ती म्हणाली, “येवढा मोठा रोग अन् येवढ्याशा भोकातून काढता म्हंता? आमचा कोबीचा गड्डाबी त्यातून निंघत नाई.” सरांना हसू आलं. त्यांनी कागदावर पोट काढून समजावलं, की गाठ काढायला एक छिद्र थोडं मोठं करतात, आणि आत काही अवघड दिसलं तर सरळ पोट उघडतात, त्याचीही सही आधीच घेतो. बुढीनं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, “करा मंग. पण माही सून मले चालत पायजे.”

आदल्या दिवशी दुपारी मी खूण केली. परकर-लुगडं नेसवून बसवलं, उकिडवं बसवलं, वॉर्डातच फरशीवर पोतं टाकून तराजू धरल्यासारखा हात करायला लावला. नाडीच्या वर, बेंबीच्या उजवीकडे एक चांगली सपाट जागा सापडली. तिथं जांभळा गोल काढला. त्या गोलावर पारदर्शक पट्टी चिकटवायची असते, पाण्यानं जाऊ नये म्हणून. पट्टी संपली होती. मी म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. असं म्हणण्यानंच माणूस फसतो.

सकाळी मी नेहमीप्रमाणे ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. कांताबाई टेबलावर आडव्या, भूल देणाऱ्या मॅडम सुई भरून तयार, सर हात धुवायला निघालेले. मी सहज गाऊन वर केला. पोटावर खूण होती, पण माझी नव्हती. काळीभोर, अंगठ्याएवढी, आणि बरोबर नाडीच्या रेघेवर. बायकांच्या कमरेवर वर्षानुवर्षं परकराची नाडी आवळून जी काळी रेघ पडते ना, तिच्यावर. स्पिरिटचा बोळा फिरवला तर बोळा तेलकट काळा झाला.

“मॅडम, थांबा,” मी म्हटलं. “कांताबाई, हे कुणी केलं?”

त्यांनी डोळे मिटून घेतले. “रागावू नका बाई. बुढीनं सकाळी न्हाऊ घातलं. बेसन लावून घासलं त तुमची खूण निंघून गेली. मंग तिनंच काजळानं काढून देली.”

“अहो, मला सांगायचं नाही का?”

“बुढी म्हने, सिस्टर बोंबलन, अन् ऑपरेशन क्यान्सल करन.”

“पण जागा वेगळी आहे हे तुम्हाला तरी कळायला हवं होतं.”

“उभं राहून माह्या पोटाखालचं मले कुठं दिसते बाई?” त्या म्हणाल्या. नेमक्या त्याच कारणासाठी तर मी खूण वर काढली होती.

मी दाराबाहेर गेले. बुढी बाकावर बसलेली. तिच्या चंचीत काजळाची डबी होती. सुनेला दृष्ट लागू नये म्हणून कानामागं तीट लावायला आणलेली, आणि तीच कामी आली होती. “आजी, जागा तुम्ही कशी ठरवली?”

तिनं चंची आवळून धरली. मग म्हणाली, “तिथं काळी रेघ होतीच ना बाई. मले वाटलं निशान तिथंच असन. अन् कमरेपाशी पिशवी बरी. खोचून ठेवता येते, बटव्यावानी.” तिच्या स्वतःच्या कमरेला बटवा खोचलेलाच होता. तिनं तिच्या हिशेबानं अगदी सोयीची जागा शोधली होती. मला ओरडायचं होतं, पण ओरडून काय करता. पट्टी मी लावली नव्हती.

आत येऊन मी सरांना सांगितलं, की खूण पुन्हा करावी लागेल, आणि आडव्या पोटावर मी अंदाजानं करणार नाही. एकदा गॅस भरून पोट फुगलं की कातडी कुठल्या कुठं जाते, आणि सर पहिल्या छिद्रांपैकी एक त्या खुणेवरच पाडायचे. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. सर घड्याळाकडे पाहू लागले. भूलवाल्या मॅडमच्या कपाळावर आठी. मी म्हटलं, “पेशंटला खाली उतरवा. आणि कुणीतरी वॉर्डातून तिचा परकर आणा.”

“थिएटरमध्ये परकर?” मॅडम म्हणाल्या.

“हो, परकर. आणि एक स्वच्छ चादर, खाली टाकायला.”

आमच्या थिएटरच्या इतिहासात असं झालं नसेल. त्या चकचकीत फरशीवर चादर टाकली, कांताबाईंनी गाऊनखाली परकर नेसला, नाडी बांधली आणि बाजारात बसतात तशा बसल्या. लाजेनं अर्ध्या झाल्या होत्या. मी म्हटलं, “वजन करा.” त्यांनी तराजू धरल्यासारखा हात केला. “भाजी द्या समोरच्या बाईला.” त्या पुढे वाकल्या. सर दाराशी हात बांधून उभे होते. म्हणाले, “सिस्टर, इतकी पोटं उघडली मी, पण माणूस बसतो कसा हे आज पाहतोय.” मी गोल काढला. या वेळी दोनदा काढला आणि त्यावर पट्टी लावली, दुसऱ्या वॉर्डातून मागून आणलेली.

ऑपरेशन लांबलं, पण दुर्बिणीतूनच पार पडलं. तिसऱ्या दिवशी कांताबाई वॉर्डात फिरत होत्या. बुढीनं गाऊन वर करून त्या चार छोट्या पट्ट्या मोजल्या आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. “खरंच काढलं ना वं बाई आतलं?” पिशवी मात्र जागच्या जागी, बाहेरून कोरडी ठणठणीत. नाडी तिच्या दोन बोटं खाली. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

दुर्बिणीचा एक तोटा कुणी सांगत नाही, तो मी सांगते. बाहेर काही दिसत नाही, म्हणून आत काही झालंच नाही असं माणसाला वाटायला लागतं. गुरुजींना तो चिरा क्षणोक्षणी सांगायचा, की बाबा रे, हळू. कांताबाईंना सांगणारं कुणी नव्हतं. तीन आठवड्यांत त्यांनी मेथीचं टोपलं उचललं. मला कळलं तेव्हा मी फोनवर असं काही झापलं, की पलीकडून नुसतं “हो जी, हो जी” येत राहिलं. टाका आतून सुटून तिथं हर्नियाचा फुगा आला असता, म्हणजे पुन्हा सगळा घोळ.

आणि मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा काय वर्णावा. मे महिन्यात त्या पुन्हा बाजारात बसायला लागल्या, आणि पिशवी भरू नये म्हणून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेईनात. लहान आतड्याच्या पिशवीतून अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही वाहून जातं. तुम्ही प्या नाही तर पिऊ नका, ते जातंच. एका दिवशी नवऱ्यानं मोटरसायकलवर मागं बांधल्यासारखं बसवून आणलं. पायाला गोळे, जीभ कोरडी, लघवी बंद. मला डोळ्यांसमोर गुरुजी दिसले. किडनी गेली असती तर पिशवी काढायचं ऑपरेशन विसराच. दोन दिवस सलाईन चालली. सर नुसते रिपोर्ट पाहत होते. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट सुधारले, तेव्हा मी मागच्या जिन्यात जाऊन रडून घेतलं.

मग बुढीला बोलावलं. म्हटलं, “आजी, आता ही तुमची जबाबदारी. नुसतं पाणी नाही. मीठ घातलेलं ताक, भाताची पेज, मीठ-साखरेचं पाणी. तासातासाला.” तिनं मान डोलावली. त्यानंतर ती वाकलेली म्हातारी रोज सुनेबरोबर बाजारात यायची, मागं बसायची आणि ताकाचा तांब्या पुढं करायची. कांताबाईंनी नको म्हटलं की गिऱ्हाइकासमोर बोलायची, “पी वं, नाई त सिस्टर मले आत टाकन.” आणि एक गोष्ट मला नंतर कळली. घरी पिशवी रिकामी करायचं, कातडी पुसायचं काम सासूच करत होती, पहिल्या दिवसापासून. सुनेनं मागितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “मीच चूक केली होती ना. मंग मी नाई करन त कोन करन?”

जूनमध्ये तपासणी झाली. जोड भरला होता. पिशवी बंद करायचं ऑपरेशन छोटं असतं, त्याच जागेतून आतडं जोडून आत ढकलतात. सर बाहेर येऊन म्हणाले, “आत फार चिकटलेलं नव्हतं.” चिऱ्याच्या पोटात पुष्कळदा सगळं एकमेकांना चिकटून बसलेलं असतं, सोडवता सोडवता घाम निघतो. इथं ते वाचलं. पण खरी परीक्षा पुढं होती. चार महिने न वापरलेली वाट चालू होते की नाही, ते कुठलंही मशीन सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी थोडा वारा सरला, वॉर्डात आनंद. चौथ्या दिवशी पोट फुगलं, उलटी झाली, सर म्हणाले, उद्यापर्यंत वाट पाहू, नाही तर नाकातून नळी. कांताबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. बुढी पायाशी बसून पाय चेपत होती. माझी ड्युटी संपली होती तरी माझा पाय निघेना.

पाचव्या दिवशी सकाळी त्या स्वतःहून उठल्या. सलाईनचा स्टँड ढकलत संडासात गेल्या आणि आतून कडी लावली. मी आणि बुढी बाहेर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून काही आवाज नाही. मागं दोन बायका मग घेऊन उभ्या राहिल्या. चक्कर येऊन पडल्या तर नसतील? मी दार वाजवलं.

“कांताबाई, बरं आहे ना?”

“हाव.”

“झालं का?”

मग बारीक आवाजात, “झालं बाई.”

बुढीनं माझा हात घट्ट धरला. मी डोळे पुसले आणि म्हटलं, “मग या बाहेर. किती वेळ बसता?”

“बसू द्या ना वं बाई जराशी,” त्या आतून म्हणाल्या. “चार महिन्यानं बसली मी.”

मी मागच्या दोघींना खालच्या मजल्यावर पाठवलं आणि दारापाशी उभी राहिले.